अनसाबाईची बारी

दोन हजार बावीस साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा. आधार कार्डावर अडुसष्ट लिहिलेलं आहे, पण ते कार्ड चुकलं, मी नाही. दिवाळी होऊन गेली होती, वावरात कापूस फुटला होता, आणि मी सकाळच्या पारी गोठ्यासमोर खाटेवर बसून दात घासत होतो. तेवढ्यात अनसाबाई आली.

"काकाजी, उठा. चाला."

"कुठं?"

"चालता चालता सांगते."

ती कुणालाही असंच म्हणायची. अनसाबाईशी बोलायचं म्हणजे तिच्या मागं चालायचं. माझे गुडघे तेव्हाही दुखत होते, पण खाटेवर बसून राहिलो असतो तर ती पुढं निघून गेली असती आणि गोष्ट माझ्यावाचून राहिली नसती, हे मला माहीत होतं. तोंड खंगाळलं आणि निघालो.

आमचं गाव तेलंगणात, बाजारहत्नूरच्या बाजूचं. मराठी माणसांचं, पण कागद सगळे तेलुगूत येतात. अनसाबाई म्हणजे आमच्या शंकरची बायको. माझ्या बांधाला लागून त्यांचं वावर, अर्ध्यात कापूस, अर्ध्यात वांगी, मिरच्या, मेथी. लग्न होऊन ती किनवटकडून आली. सातवी शिकलेली होती. अंगानं काडी, पण पायात काय भरलं होतं देव जाणे. मी तिला धड बसलेली पाहिली नाही. हत्नूरच्या बाजारात सगळ्या भाजीवाल्या पोतं टाकून बसतात. ही आपल्या टोपल्यांमागं उभी, एस्टीची वाट पाहत असल्यासारखी. गिऱ्हाईक बसून वांगी निवडायचं आणि ही वरून सांगायची, "ते नको घेऊ, किडकं हाय." बाजारातले लोक म्हणायचे, अनसाबाईची भाजी बसते, अनसाबाई बसत नाही. जेवायचीही दारात उभी राहून, भाकरी हातावर, भाकरीवर ठेचा. माझी म्हातारी अजून म्हणते, "हे बाई मेली तरी तिरडीवरून उठन आन म्हणन, सरका, मी खांदा देते."

आणि हात. बोलता बोलता तिचे हात खाली जायचे आणि बांधावरचं गवत उपटायचे. तुमच्या बांधावर उभी राहून ती तुमच्याशी भांडली, तरी ती गेल्यावर बांध साफ. मी स्वतः एकदा तिला तुरीच्या ओळीत गाठून नाल्याच्या पाण्याचा विषय काढला होता. विषय संपला तेव्हा अर्धी ओळ निंदून झाली होती. मी मनातल्या मनात हसलो. ती जाताना म्हणाली, "बाकीची ओळ तुमी निंदा, काकाजी. त्या विषयात माह्याजवळ बोलाले काही राह्यलं नाही." म्हणजे तिला सगळं कळत होतं.

तर त्या सकाळी चालता चालता ती म्हणाली, "आपली शाळा बंद करून राह्यले."

आमच्या गावची शाळा सरकारी, पाचवीपर्यंत, मराठीची. मास्तर एकच. निर्मलकडचा तरुण पोरगा होता, सगळे त्याला सर म्हणत. पाच वर्ग आणि एक माणूस. त्याला मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, ऑफिसात बोलावलं की शाळेला कुलूप. कधी ट्रेनिंग, कधी मतदारांच्या याद्या, कधी मीटिंग. कुलूप पाहून लोकांनी आपली पोरं पिवळ्या गाडीत बसवली आणि इंग्रजी शाळेत पाठवली. पोरं कमी झाली म्हणून वरून हुकूम येणार होता, की पुढच्या साली ही शाळा नाल्यापलीकडच्या तेलुगू शाळेत मिसळा. त्याआधी शिक्षण खात्याचे साहेब येऊन शाळा पाहणार होते.

मी म्हटलं, "मग मी काय करू? माही नात तं गाडीत जाते." माझ्या दत्तानं पोरीला इंग्रजीत घातलं होतं. मला विचारून घातलं नव्हतं, पण ते मी तिला कशाला सांगू?

"जाऊ द्या तिले," ती म्हणाली. "पण शाळा तुमच्या वावराले लागून हाय. पोरायचा गलका आयकल्याशिवाय तुमाले सकाळी मोकळं होत नाही म्हणता ना?"

हे मी शंकरसमोर बोललो होतो. तिच्यासमोर नाही. मी चिडलो.

"मी शाळेत पाय ठेवीन तं खुर्चीवर बसीन. तिसरीपर्यंत जमिनीवर बसलो, मास्तर खुर्चीवर. आता या वयात कोणाच्या म्हणण्यानं जमिनीवर बसणार नाही."

"खुर्ची एकच हाय. ते सराची."

"मग राह्यलं."

ती हसली नाही. नाल्यापर्यंत आलो होतो. तिथं ती थांबली आणि मला आश्चर्य वाटलं, कारण ती थांबत नसे. पलीकडच्या शाळेचं पत्र्याचं छत दिसत होतं. तिची थोरली, सविता, पाचवी झाल्यावर त्या शाळेत सहावीला गेली होती. सविता म्हणजे आमच्या गावचा रेडिओ. एस्टीत बसली की रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचायची. नाल्यापलीकडं गेली आणि मुकी झाली. मास्तर तेलुगूत काय म्हणतो कळेना, पोरं हसत, ती मागच्या भिंतीला टेकून बसायची. एका दुपारी दप्तर घेऊन परत आली आणि म्हणाली, आई, मी उद्यापासून कापूस वेचते. त्यानंतर तिनं कापूसच वेचला. पुढं लग्न झालं. धाकटी दुर्गा त्या साली आमच्या शाळेत चौथीत होती.

अनसाबाई यातलं काही बोलली नाही. मला माहीत होतं, तिला माहीत होतं की मला माहीत आहे. नाल्याकडं पाहत काठावरचा तरोटा उपटत राहिली. मग वळली आणि मला मागं टाकून गेली.

मारुतीच्या पारावर सभा झाली. मीही गेलो, पाहायला. सगळे बाप आले, बसले, तंबाखू निघाली. बोलणं शाळेवरून निघालं आणि कापसाच्या भावावर गेलं, तिथून सोयाबीनवर, तिथून सरपंचावर. कुणीतरी म्हणालं, "तेलंगण आपल्याले आपलं म्हणत नाही, आन महाराष्ट्र तं ओळखतच नाही." हे सगळ्यांना इतकं पटलं की पुन्हा तंबाखू फिरली. अनसाबाई खांबाजवळ उभी, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. शेवटी ठरलं की निवेदन द्यायचं. कुणाला द्यायचं, ते पुढच्या सभेत ठरवायचं. तोवर ती निघून गेली होती.

"बाई गेली, सभा संपली. आता चहा सांगा," हणमंत म्हणाला. हणमंत म्हणजे आमच्या गावचा जिभेचा तिखट माणूस. बैल मात्र त्याच्याएवढे देखणे कुणाचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी अनसाबाई हणमंताच्या कापसात शिरली. कमरेला ओटी बांधली आणि त्याच्या शेजारची ओळ धरून वेचायला लागली. आता जो माणूस तुमच्या वावरात फुकट कापूस वेचतो आहे त्याला तुम्ही जा कसं म्हणाल? आणि त्याचं ऐकणार नाही कसं? ओळ संपेपर्यंत हणमंत हो म्हणाला. मग ओटी त्याच्या ढिगावर रिकामी केली आणि ती पुढच्या वावरात. अशी ती घराघराच्या ओळीतून गेली. तिची स्वतःची वेचणी तशीच राहिली होती. शंकर एकटाच वेचत होता आणि कुणी विचारलं तर म्हणायचा, "बायको सभा घेऊन राह्यली."

तिचं म्हणणं साधं होतं. आमच्याकडे वारंगुळा असतो. काही ठिकाणी त्याला सावड म्हणतात. आज चार घरांनी माझ्या वावरात राबायचं, मग बारी बारीनं मी त्यांच्या. पैशाचा संबंध नाही, दिवसाला दिवस. माणूस आला असेल तर माणूस फेडायचा. बैलजोडी आली असेल तर जोडी, नाहीतर तीन माणसं. आणि माझ्या बापानं सांगितलेली एक गोष्ट आहे, ती पुस्तकात मिळणार नाही. वारंगुळा पुरता फेडायचा नसतो. कुणाचा तरी एक दिवस अंगावर ठेवायचा. सगळं फिटलं की येणं-जाणं संपलं.

अनसाबाईनं या वारंगुळ्यात शाळा घातली. ज्याचं पोर शाळेत, त्याच्या घरचं एक माणूस बारी येईल त्या दिवशी शाळेत जाईल. वाचता येत असेल तर वाचून दाखवील, येत नसेल तर दारात बसून पोरं सांभाळील. सर असो नसो, कुलूप लागणार नाही. आणि त्या माणसाचा दिवस बुडू नये म्हणून त्या दिवशी त्याच्या वावरात दुसरं एक माणूस राबेल.

सर घाबरला. "बाई, हे नियमात बसत नाही."

"मले तरी कुठं बसता येते?" अनसाबाई म्हणाली, आणि चावी त्याच्या हातातून घेतली.

ज्याचं पोर शाळेत नाही त्याला बारी नाही. म्हणून मी बाहेर. मला ते बरंच होतं. मी माझ्या वावरातून पाहत होतो. पहिले काही दिवस गंमत झाली. एक बाई पोरांकडून दिवसभर भुलईची गाणी म्हणवून घेत बसली. एका बापानं पाढे घेतले, सातावर अडकला आणि पोरांनीच त्याला पुढं सोडवलं. पण कुलूप लागलं नाही. गाडीतली दोन-तीन पोरं परत आली. गाडीवाला आम्हाला रामराम करीनासा झाला.

मग हणमंताची बारी आली. त्या दिवशी त्याला कापूस घेऊन भैंशाला जायचं होतं. सकाळी मी वावरात आलो तर शाळेसमोरच्या निंबाला त्याची बैलजोडी बांधलेली. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं. पोरं वर्गातून बाहेर, सर दारात कपाळाला हात लावून. एका बैलानं कुंडीतली सदाफुली संपवली होती आणि दुसरा खिडकीतून आत पाहत होता.

हणमंत संध्याकाळी परत आला तेव्हा पारावर भांडण तयार होतं. तो मुळीच दबला नाही.

"वारंगुळ्याचा कायदा काय हाय? माणसाच्या बदल्यात जोडी चालते का नाही? मी तं तीन माणसायचा दिवस देला. उलटे माहे दोन दिवस तुमच्याकडे निंगतात!"

कायद्यानं बरोबर होतं. मी तिथं होतो, मी सांगितलं की बरोबर आहे. लोक माझ्यावरच आले. हणमंत म्हणाला, "आन मले तरी कुठं लिव्हता येते? मी काय आन माहे बैल काय, फळ्यापुढं सारखेच."

अनसाबाई तोवर आली. पदराला माती, हाताला माती. तिनं सकाळीच त्या जोडीला वखर जुंपला होता आणि शाळेमागचा दगडगोट्यांचा तुकडा, जिथं नुसती बाभळीची रोपं वाढत, तो उकरून काढला होता. मेथी टाकूनसुद्धा झाली होती. दुपारच्या खिचडीत पुढं तिथलीच मेथी आणि वांगी पडायला लागली.

"बैलायचा दिवस जमा," ती म्हणाली. "ते राबले. पण भाऊ, तुमची बारी राह्यली. उद्या या."

"काऊन? तीन माणसायचा दिवस..."

"बैलाले पोरं काका म्हणत नाही. तुमाले म्हणतात."

हणमंत दुसऱ्या दिवशी गेला. दारात बसून दिवसभर पोरांना बैलांची नावं ठेवायला शिकवली. घरी येऊन बायकोवर ओरडला, की पोरीला अजून जोडाक्षर येत नाही आणि तुझं लक्ष कुठं आहे.

अनसाबाई येता-जाता मला हाक मारायची. "काकाजी, खुर्ची भेटली का?" मी उत्तर देत नसे. मी अडलो तर अडलो, असा माझा स्वभाव आहे आणि मला त्याची लाज नाही.

साहेब येणार तो दिवस मला हातावर गोंदल्यासारखा दिसतो. आदल्या संध्याकाळी ती दारोदार फिरली. "उद्या एक बी पोर वावरात दिसलं नाही पाह्यजे." सगळे हो म्हणाले. आणि सकाळी उठून पाहतो तर किनवटकडून आभाळ चढत होतं, काळं, खाली लोंबलेलं. शेवटची वेचणी बाकी होती. भिजलेला कापूस पिवळा पडतो, आणि पिवळ्या कापसाला जिनिंगवाला हात लावून हात पुसतो. सगळं गाव वावरात पळालं. पोरं पटपट वेचतात, त्यांचे हात बारीक. पण पोरं शाळेत होती. शाळेत बारी कुणाची, तर अनसाबाईचीच. आणि तिच्या वावरात त्या दिवशी राबायला कोण, तर हणमंत. शंकर बाजाराला भाजी घेऊन गेलेला.

माझी ओळ शाळेच्या कुंपणाला लागून, म्हणून मी ऐकलं. हणमंत धावत आला.

"अनसा, माही दोनी पोरं दे. दोन घंट्यासाठी."

ती दारात आडवी उभी राहिली. "नाही देत."

"आभाळ पाहून राह्यली ना? माहा कापूस जाते!"

"भाऊ, कापूस गेला तं पुढच्या साली पुन्हा लावता येते. शाळेचं बी कोणत्या दुकानात भेटते?"

"शाणपणा नको शिकवू. तुहा कापूस कोण वेचून राह्यलं मंग?"

"तुमीच," ती म्हणाली. "आज माह्या वावरात तुमची बारी हाय."

हणमंतानं तिच्या वावराकडं पाहिलं, पांढरं फेक फुटलेलं, त्यात कुणी नाही. मग आभाळाकडं. मग वळला आणि आपल्याच वावराकडं पळाला. मी त्याला नाव ठेवत नाही. आभाळ खाली आल्यावर माणूस आपल्याच वावराकडं पळतो.

साहेब आले आणि पाठोपाठ पाऊस. मी माझ्या कापसावर ताडपत्री टाकली आणि शाळेच्या ओसरीत आडोशाला गेलो. शाळेत गेलो नाही, आडोशाला गेलो. साहेब अडकले. पाऊस नसता तर पाच मिनिटांत सही करून गेले असते. आता बसावं लागलं. सरानं आपली खुर्ची त्यांना दिली. साहेबांनी दाराकडं पाहून तेलुगूत विचारलं, "मीरु टीचरा?" तुम्ही शिक्षिका का?

अनसाबाईचं तेलुगू बाजारातलं, भाव सांगण्यापुरतं. ती म्हणाली, "कादु सार. ई रोजु ना वंतु." नाही साहेब, आज माझी बारी आहे.

साहेबांना कळेना कसली बारी. मग सरानं सगळं सांगितलं, वारंगुळा, बैल, मेथी. साहेब बैलांपाशी हसले. मग त्यांनी पोरांना वाचायला लावलं. पावसाचा आवाज पत्र्यावर एवढा की पोरं ओरडून वाचत होती. हणमंताच्या पोरीनं मराठी धडा वाचला, मग तोच अर्थ तोडकामोडका तेलुगूत सांगितला. दुर्गानं भागाकार केला. साहेब खुर्चीवरून उठून पोरांमध्ये फिरायला लागले.

आणि अनसाबाई दारात. तिचं तोंड वर्गाकडं होतं, पण दारातून तिचं वावर सरळ दिसतं. ते डोळ्यांदेखत भिजत होतं. तिचा एक हात चौकटीला होता आणि बोटं चौकटीच्या फटीतली माती उकरत होती. उकरायला गवत नव्हतं म्हणून. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. मला म्हणाली, "काकाजी, तुमचं झाकलं ना?"

"झाकलं."

"बरं झालं."

एवढंच. पाऊस थांबल्यावर साहेब गेले. काय लिहिणार ते बोलले नाहीत. ती वावरात गेली. बोंडांतून कापूस भिजल्या कोंबडीसारखा लोंबत होता. तरी तिनं ओटी बांधली आणि वेचायला लागली.

दुसऱ्या दिवशी हणमंत तिच्या दारात गेला, टोपी हातात. म्हणाला, "माहा दिवस राह्यला. आज येतो, उद्या बी येतो." ती चूल सोडून बाहेर आली. "राहू द्या भाऊ. अंगावर राहू द्या. मी मागीन तवा द्या." हणमंत मला नंतर म्हणाला, तिनं शिव्या दिल्या असत्या तर रात्री झोप लागली असती.

उन्हाळ्यात कळलं, शाळा राहिली. दुसरा मास्तर द्या म्हणून मागितलं होतं, तो मिळाला नाही. लोक खूश झाले, पेढे वाटले. अनसाबाईनं पेढा हातात घेतला आणि म्हणाली, "एका सालाचं झालं. पुढच्या सालाच्या बाऱ्या कधी लावता?" मला राग आला. माणसानं पेढा तरी उभ्याउभ्या गिळू नये. पण बाऱ्या लागल्या. त्या साली लागल्या, पुढच्या सालीही, आणि दुर्गा शाळेतून सुटणार होती तरी त्या यादीत अनसाबाईचं नाव होतंच.

आणि मग दुर्गाची पाचवी झाली. आमची शाळा तिथं संपते. नाल्यापलीकडं ती शाळा. त्या उन्हाळ्यात अनसाबाई आणखीच चालायला लागली. दुपारच्या उन्हात बांधावरून इकडून तिकडं. एक दिवस शंकर आला आणि म्हणाला, "काकाजी, वावर बटईनं घेता का? आमी आदिलाबादले चाललो. तिथं दहावीपर्यंत मराठी हाय. मले बाजार समितीत हमाली भेटली. हे भाजी इकन."

मी म्हटलं, "गावची शाळा वाचवली आन आता गाव सोडता?"

"ते म्हणते, शाळा गावाची होती. पोरगी आपली हाय."

वावर मी बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, घेतलं. दुसऱ्याच्या हातात बांध गेला असता तर मला चाललं नसतं.

जायच्या आधी तिनं हणमंताकडं आपला राहिलेला दिवस मागितला. स्वतःसाठी नाही. त्यानं शाळेचं मोडकं कुंपण नव्यानं बांधून द्यावं, एवढंच. हणमंतानं बैल, गाडी, पोरगा सगळं लावलं आणि संध्याकाळपर्यंत कुंपण उभं केलं. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. शाळा उघडून थोडेच दिवस झाले होते. सर आला, बायका आल्या, पोरं कुंपणावर चढली. टोपल्या, पोती, भांडी, मध्ये दुर्गा दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. अनसाबाई वरच्या दांडीला धरून उभी.

"बाई, बसा ना," ड्रायव्हर म्हणाला.

"बसल्यानं लवकर पोचतो का?"

हणमंत खालून मोठ्यानं म्हणाला, "अनसा, तुहा दिवस फिटला बरं का! आता गावाकडं तुहं काही राह्यलं नाही, आन तुह्याकडं गावाचं!"

तो अभिमानानं बोलला. बाकीचे हसले. मला ते वाक्य टोचलं. अनसाबाई एकदम काहीतरी आठवल्यासारखी वाकून ओरडली, "सर! उद्या माही बारी लागली होती. कोणाले तरी सांगा!"

"पाहतो, बाई," सर म्हणाला. त्याच्या पाहतोचा अर्थ आम्हाला माहीत होता. मंडलात त्याची मीटिंग होती.

टेम्पो निघाला. माझ्या बांधाशी रस्ता अरुंद आहे, तिथं तो हळू झाला. मी बांधावर उभा होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं. दांडीचा एक हात तसाच ठेवून ती बाहेर ओणवी झाली, बांधावरचा तरोट्याचा एक झुबका मुळासकट उपटला आणि रस्त्यावर फेकला. टेम्पो नाल्यात उतरला. टोपल्या एका बाजूला घसरल्या, दुर्गा घसरली, ती मात्र सरळ उभी. पलीकडच्या चढावर तिचा पदर थोडा वेळ दिसला.

मी बांधावर बसायला गेलो, पण बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेवर बसून दात घासले नाहीत, फिरत घासले. दत्ता म्हणाला, "बाबा, बैल सोडू का?" म्हटलं, बैल राहू दे. धुतलेलं धोतर नेसलो आणि शाळेत गेलो. सर कुलूप हातात घेऊन निघायच्या बेतात होता. मला पाहून गडबडला आणि आपली खुर्ची पुढं केली.

मी म्हटलं, "खुर्ची उन्हात ठेवा, ढेकूण झाले असतील. चावी इकडं द्या. आज अनसाबाईची बारी हाय, तिच्या बदल्यात मी आलो. आन मोबाईल लावून तिले सांगा, काकाजीचा एक दिवस तुह्या अंगावर चढला."

सर गेला. मी दारात उभा राहिलो, तिच्या जागी, आणि पोरांना म्हटलं, वाचा, मोठ्यानं वाचा.